गोदाकाठचा जुना दगड आतून कसा आहे? ध्वनिलहरींनी तपासण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि नाशकात घाट, पायऱ्या, मंदिरांची आवारं आणि जुने वाडे यांच्या दुरुस्तीला वेग आला आहे. अशा वेळी प्रत्येक दगडाबाबत एकच प्रश्न विचारला जातो, ‘हा ठेवायचा की काढायचा?’ बहुतेक वेळा उत्तर नुसतं बघून दिलं जातं. काळपट, शेवाळलेला, कोपरा उडालेला दगड काढून टाकतात आणि वरून गुळगुळीत दिसणारा तसाच ठेवतात. प्रत्यक्षात कोपरा उडालेला दगड आतून पुढची दोनशे वर्षं टिकेल इतका धड असू शकतो आणि गुळगुळीत दिसणारा आतून पापुद्र्यापापुद्र्याने सुटत चाललेला असू शकतो. पेशवाईतल्या कारागिराने हाताने घडवलेला दगड एकदा डंपरमध्ये गेला की परत येत नाही. म्हणून काढण्याआधी तो तपासला पाहिजे, आणि न फोडता तपासायचा तर ध्वनिलहरींइतका चांगला मार्ग मला दुसरा माहीत नाही.

हा लेख वाड्याचे मालक, मंदिरांचे विश्वस्त, सिव्हिल आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी आणि दुरुस्तीचं काम घेणारे ठेकेदार यांच्यासाठी आहे. यंत्र कुणीही चालवलं तरी काय मागायचं आणि आलेल्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा, हे प्रत्येकाला कळायला हवं.

आधी आपला दगड ओळखा

नाशिकचा दगड म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं, त्यातलाच हा. पण सगळा काळा पाषाण एका जातीचा नसतो. थराच्या मधल्या भागातला दगड घट्ट, जड, बारीक कणांचा असतो. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे तिथला दगड सच्छिद्र असतो. पुढे या छिद्रांमध्ये पांढरी, हिरवट खनिजं भरली. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींमधले झिओलाइटचे स्फटिक जगभरातल्या संग्राहकांकडे गेले आहेत, ती खनिजं याच पोकळ्यांमधली.

घाटाच्या एखाद्या खालच्या पायरीजवळ बसून नीट पाहा. दगडावर मुगाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके दिसतील. काही ठिपक्यांच्या कडेला हिरवट, मातकट रेघ असते. ओल्या दगडावर नख फिरवलं तर ती रेघ किंचित मऊ लागते. ही चिकणमातीच्या जातीची खनिजं. पाणी मिळालं की ती फुगतात आणि वाळली की आकसतात. पूर ओसरला, ऊन पडलं, पुन्हा पाणी चढलं, असं वर्षानुवर्षं चालतं. त्यातून ठिपक्याभोवती केसाएवढ्या भेगा पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि एक दिवस तीन-चार मिलिमीटरचा पापुद्रा हातात येतो. सांध्यांतला चुना काढून सिमेंट भरलं असेल तर पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. ते दगडातूनच वाट काढतं, सोबत क्षार आणतं आणि दगडाच्या तोंडाला लोणा लागतो.

ध्वनिलहरींना या केसाएवढ्या भेगा कळतात, डोळ्यांना फार उशिरा दिसतात.

लहर काय सांगते

माठ घेताना आपण टिचकी मारतो आणि खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर परत ठेवतो. तत्त्व तेच, फक्त इथे कानाऐवजी घड्याळ वापरायचं. दगडाच्या एका बाजूने ध्वनीचा ठोका सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो किती वेळात पोहोचला ते मोजायचं आणि अंतराला वेळेने भागायचं. येणारा आकडा म्हणजे लहरीचा वेग.

घट्ट, ताज्या बेसॉल्टमध्ये हा वेग साधारण सेकंदाला ५,००० ते ६,००० मीटर असतो, कधी त्याहूनही जास्त. हवेत तो सुमारे ३४० आणि पाण्यात सुमारे १,४८० मीटर असतो. भेग आली की लहरीला हवा ओलांडावी लागते किंवा वळसा घालून जावं लागतं, त्यामुळे वेळ वाढते आणि वेग घटतो. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की दगडाचा कडकपणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग चौथाईने घटला की कडकपणा जवळपास निम्म्यावर आलेला असतो. म्हणजे ५,६०० च्या जागी ४,२०० दिसले तर ‘थोडाच फरक आहे’ म्हणून सोडून देता येत नाही.

परवानगी आणि हंगाम

पांडवलेणी, सिन्नरचं गोंदेश्वर, त्र्यंबकेश्वर ही केंद्रीय पुरातत्त्व विभागाची संरक्षित स्मारकं आहेत. सरकारवाडा आणि सुंदरनारायण मंदिर राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहेत. अशा ठिकाणी लेखी परवानगीशिवाय प्रोब (यंत्राचा दगडाला टेकवायचा भाग) लावायचा नाही, हातोडीने ठोकायचं तर मुळीच नाही. तपासणीत दगडाला इजा होत नाही, हे खरं असलं तरी कायदा कायदाच असतो, आणि विभागाचा माणूस सोबत असला तर तपासणीचा अहवाल पुढे कामालाही येतो. खाजगी वाडा असेल तर मालकाची आणि भाडेकरूंचीही संमती घ्या. भिंतीवर कुणी ठकठक करायला लागलं की वाडा पाडणार आहेत अशी बातमी अर्ध्या तासात आळीभर होते, म्हणून आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं. रामकुंडाच्या परिसरात दिवसभर विधी चालतात. तिथे पुरोहित मंडळींशी बोलून पहाटेची वेळ ठरवा.

हंगामाचं महत्त्व यंत्राइतकंच आहे. फेब्रुवारी ते मे हा उत्तम काळ, कारण दगड बऱ्यापैकी वाळलेला असतो. पावसाळ्यात आणि लगेच नंतर घेतलेले आकडे फसवे निघतात. का, ते पुढे येईल.

टप्पा १ : नकाशा आणि नावं

यंत्राला हात लावण्याआधी दगडांना नावं द्या. भिंतीचा समोरून सरळ फोटो काढा, तो मोठा छापा आणि त्यावर थर खालून वर १, २, ३ आणि दगड डावीकडून उजवीकडे अ, आ, इ असे लिहा. ‘पूर्व भिंत, ३-इ’ म्हटलं की दहा वर्षांनी येणाऱ्या माणसालाही तोच दगड सापडला पाहिजे. दगडावर रंगाने किंवा मार्करने काहीही लिहू नका. खडूही सच्छिद्र दगडात बसतो. कागदी चिकटपट्टी चालेल, तीसुद्धा त्याच दिवशी काढा आणि पोपडे सुटत असलेल्या जागी लावूच नका.

प्रत्येक दगडासमोर चार गोष्टी टिपा. घट्ट आहे की ठिपक्यांचा, ओल किती, पोपडे किंवा लोणा आहे का, आणि आधी काही दुरुस्ती झाली आहे का. शेवटची नोंद फार लोक टाळतात. सिमेंटचा गिलावा, ऑइल पेंट, रासायनिक लेप, तेल-शेंदराचे थर यांतून गेलेली लहर दगडाबद्दल कमी आणि त्या थराबद्दल जास्त सांगते. पूजेतल्या मूर्तीवर आणि शेंदूर चढवलेल्या दगडावर ही तपासणी करूच नये. श्रद्धेचा प्रश्न तर आहेच, शिवाय आकडाही काही कामाचा येत नाही.

टप्पा २ : मोगरी आणि कान

यंत्र महाग असतं आणि वेळ थोडा, त्यामुळे शंभर दगडांतले कोणते वीस यंत्राने तपासायचे ते आधी कानाने ठरवा. जुने पाथरवट, वडार समाजातले कारागीर हे काम इतकं सहज करतात की बघत राहावं. खाणीतून काढलेल्या दगडावर हातोडीचा हलका ठोका टाकून ते तिथल्या तिथे सांगतात की हा घडवायला चालेल, याच्या पोटात ‘चीर’ आहे. असा एखादा अनुभवी माणूस मिळाला तर त्याला मजुरी देऊन तपासणीत सामील करून घ्या आणि तो काय म्हणतो ते शब्दशः लिहून ठेवा. माझ्या मते आपल्याकडच्या जतनकामांत सर्वांत वाया गेलेलं ज्ञान हेच आहे.

स्वतः करायचं तर लहान लाकडी मोगरी किंवा कठीण रबराची हातोडी घ्या. लोखंडी हातोडी नको. टाकीचे घाव या दगडाने एकदा सोसले आहेत, तपासणीच्या नावाखाली पुन्हा नकोत. दगडाच्या मध्यावर, मग चारी कडांजवळ, सारख्याच जोराने हलके ठोके द्या. खणखणीत, आखूड आवाज आला तर पृष्ठभागाला तरी दगड एकसंध आहे. बद्द, पोकळ, किंचित लांबलेला आवाज आला तर आत पापुद्रा सुटला आहे किंवा दगडामागचा चुना निघून गेला आहे. ठोका देताना दुसऱ्या हाताची बोटं शेजारी टेकवून ठेवा. सुटलेला पापुद्रा बोटांना थरथर देतो. बद्द आवाजाची हद्द फोटोवर पेन्सिलीने आखून घ्या.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो आणि वारंवारता दाखवणारं ॲप असेल तर खणखणीत आणि बद्द आवाजातला फरक आलेखावरही दिसतो. पण मोबाइलचा माइक साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो. पुढच्या टप्प्यातलं मोजमाप त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, तेव्हा ‘मोबाइलने दगडाची अल्ट्रासोनिक चाचणी’ असं कुणी सांगितलं तर नम्रपणे नकार द्या.

टप्पा ३ : यंत्र, प्रोब आणि मधला लेप

काँक्रीट तपासायला जे अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी यंत्र वापरतात, तेच इथे चालतं. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये ते असतं आणि साहित्य तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळा ते घेऊन जागेवर येतात. यंत्रासोबत बहुधा ५४ किलोहर्ट्झचे, गोल आणि सपाट तोंडाचे दोन प्रोब येतात. एक लहर सोडतो, दुसरा ऐकतो.

वारंवारतेचा अर्थ समजून घ्या. ५४ किलोहर्ट्झला आणि ५,४०० मीटर वेगाला एका लहरीची लांबी १० सेंटिमीटर भरते. म्हणजे ३०-४० सेंटिमीटर जाडीच्या घडीव दगडासाठी हा प्रोब ठीक आहे, पण ६ सेंटिमीटरच्या फरशीसाठी नाही. पातळ दगडाला १५० किलोहर्ट्झचा प्रोब मागा, त्याची लहर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते. मीटरभर किंवा त्याहून जाड, भेगाळलेल्या दगडाला उलट कमी वारंवारता लागते, कारण उंच वारंवारतेची लहर वाटेतच विरून जाते.

प्रोब आणि दगड यांच्यामध्ये हवा राहिली तर लहर आत शिरतच नाही, म्हणून मध्ये लेप लागतो. काँक्रीटवर लोक बिनधास्त ग्रीस लावतात. जुन्या दगडावर ग्रीस किंवा व्हॅसलीन लावणं म्हणजे कायमचा डाग पाडणं. यंत्रवाला येण्याआधीच फोनवर हे स्पष्ट सांगा, आल्यावर डब्बा उघडलेला असतो. मी सुचवेन ते असं : दगडावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म ताणून धरा, तिच्यावर सोनोग्राफीची जेल किंवा प्लॅस्टिसिनची (मुलांच्या खेळायच्या मऊ मातीची) पातळ वडी ठेवा आणि प्रोब दाबा. नक्षीकामाजवळ किंवा खडबडीत जागी टोकदार प्रोब वापरा, त्यांना लेप लागत नाही. पोपडे सुटत असलेल्या जागी कुठलाच प्रोब दाबू नका. तिथे निकाल डोळ्यांनीच लागलेला असतो.

काम सुरू करण्याआधी यंत्रासोबत आलेला धातूचा दांडा तपासून घ्या. त्यावर मायक्रोसेकंदात वेळ कोरलेली असते. प्रोब दोन टोकांना लावले की यंत्राने तेवढीच वेळ दाखवली पाहिजे, नाहीतर शून्य जुळवून घ्यायचं. प्लॅस्टिक फिल्म वापरणार असाल तर ती दांड्यावरही लावून मगच जुळवा. दिवसातून दोन-तीनदा आणि केबल बदलली की लगेच हे पुन्हा करा.

टप्पा ४ : मोजमाप

प्रोब लावायच्या तीन तऱ्हा आहेत. दगडाच्या समोरासमोरच्या दोन तोंडांवर लावले तर सर्वांत भरवशाचा आकडा मिळतो. खांब, तुळया, कठड्याचे दगड, सुटे चिरे यांना हे शक्य असतं. कोपऱ्याचा दगड असेल तर एक प्रोब एका तोंडावर आणि दुसरा लगतच्या तोंडावर. आणि घाटाच्या पायरीसारखं एकच तोंड मोकळं असेल तर दोन्ही प्रोब त्याच तोंडावर. या तिसऱ्या तऱ्हेत लहर पृष्ठभागाजवळूनच जाते, तेव्हा तिचा आकडा समोरासमोरच्या आकड्याशी कधीही एका रकान्यात लिहू नका.

अंतर मिलिमीटरपर्यंत मोजा. उदाहरण घ्या. खांबाची जाडी ३६० मिलिमीटर आणि वेळ ६४ मायक्रोसेकंद आली, तर वेग ५,६२५ मीटर प्रति सेकंद. शेजारच्या खांबाला तेवढ्याच जाडीला १०३ मायक्रोसेकंद लागले, तर वेग सुमारे ३,४९५. पहिल्यात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी फरक दीड टक्क्याचा पडतो. पण तीच चूक ६ सेंटिमीटरच्या फरशीवर झाली तर फरक नऊ टक्क्यांवर जातो. पातळ दगडावर घाईने निष्कर्ष काढू नयेत ते यासाठी.

एका जागी किमान तीन वाचनं घ्या, दरवेळी प्रोब उचलून पुन्हा टेकवा. तिन्ही जवळपास सारखी आली तर मधलं धरा. विखुरलेली आली तर लेप नीट बसलेला नाही किंवा नेमकी तिथेच भेग आहे. यंत्रावर लहरीचा आलेख दिसत असेल तर केवळ आकडा टिपू नका, आलेखाचाही फोटो घ्या. धड दगडात पहिली लाट ताठ उठते, भेगाळलेल्यात ती रेंगाळत, दबकत येते आणि यंत्र पुष्कळदा तिला सोडून दुसऱ्या लाटेची वेळ दाखवतं. मोठ्या दगडाला वर, मध्ये, खाली, आणि शक्य असेल तिथे आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी मोजा. एका दिशेला ५,५०० आणि दुसऱ्या दिशेला ४,२०० आले तर पापुद्रे कोणत्या अंगाने सुटताहेत ते कळतं.

काही जुन्या बांधकामांत दोन चिरे लोखंडी कडीने जोडून वर शिसं ओतलेलं असतं. लोहचुंबक फिरवून अशा जागा शोधा आणि टाळा. लोखंडातला वेग ताज्या बेसॉल्टइतकाच, ५,९०० च्या आसपास असतो, त्यामुळे आजारी दगडही धडधाकट दिसतो.

टप्पा ५ : आकडा वाचणं, जिथे सगळे घसरतात

यंत्रासोबत येणारा माणूस बहुधा काँक्रीटचा असतो आणि त्याच्याजवळ काँक्रीटचा तक्ता असतो. भारतीय मानक १३३११, भाग १ (१९९२) मध्ये ४.५ किलोमीटर प्रति सेकंदाच्या वर ‘उत्कृष्ट’, ३.५ ते ४.५ ‘चांगलं’, ३ ते ३.५ ‘मध्यम’ आणि ३ च्या खाली ‘शंकास्पद’ अशी प्रतवारी होती; २०१८ मध्ये त्या मानकाची जागा भारतीय मानक ५१६, भाग ५, विभाग १ ने घेतली. जुनी असो वा नवी, प्रतवारी काँक्रीटसाठीच आहे. बेसॉल्टला लावली की अनर्थ होतो. मूळचा ५,८०० चा घट्ट चिरा झिजून ४,६०० वर आला असेल तर त्याचा कडकपणा तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेलेला असतो, आणि तक्ता त्याला उत्कृष्ट म्हणतो. उलट मूळचाच सच्छिद्र दगड जन्मापासून ३,८०० चा असतो आणि तीनशे वर्षांनी ३,६०० वर उभा असतो. तो बिचारा त्या झिजलेल्या चिऱ्याच्याही खालच्या प्रतीत ढकलला जातो. युरोपात संगमरवरासाठी वेगाचे तक्ते बनले आहेत, तेही बेसॉल्टच्या कामाचे नाहीत. संगमरवर वेगळ्या कारणाने झिजतो. उन्हाने त्याचे दाणे एकमेकांपासून सुटतात.

म्हणून दगडाची तुलना त्याच्याच जातीच्या धड दगडाशी करायची. असा संदर्भाचा दगड कुठे शोधायचा? त्याच इमारतीत, कोरड्या, सावलीतल्या, पाणी न लागलेल्या जागी. वाड्यात आतल्या चौकातला खांबाचा तळखडा, मंदिरात सभामंडपातला आतला खांब. काळाराम मंदिराचा दगड रामशेजच्या डोंगरातून आणल्याचं सांगितलं जातं. अशी खाण ठाऊक असेल तर तिथला ताजा तुकडाही मोजून ठेवावा. घट्ट दगडासाठी वेगळा संदर्भ आणि ठिपक्यांच्या दगडासाठी वेगळा. नकाशा करताना दगडाची जात टिपायला सांगितली ती याचसाठी.

मग प्रत्येक दगडाचा वेग संदर्भाच्या किती टक्के आहे ते काढा. माझा अंदाजपंचे नसलेला, पण लवचिक ठेवायचा असा नियम आहे. ९० टक्क्यांच्या वर असेल तर हात लावू नका, फक्त सांधे चुन्याने भरून घ्या. ७५ ते ९० मध्ये असेल तर पाणी कुठून येतं ते शोधा, ते बंद करा आणि वर्षभराने पुन्हा मोजा. ७५ च्या खाली गेला तर आणखी तपासणी. इथेही लगेच ‘बदला’ लिहायचं नाही. भार घेणारा खांब आणि कठड्याचा चिरा यांना एकच मोजपट्टी लागत नाही.

ओल आणि ऊन : आकड्याची फसवणूक

केसाएवढ्या भेगेत हवेच्या जागी पाणी भरलं की लहर ती भेग भरभर ओलांडते, कारण पाण्यातला वेग हवेच्या चौपटीहून जास्त आहे. परिणामी ओला दगड कोरड्यापेक्षा निरोगी दिसतो. खरी परिस्थिती उलटी असते. आत फुगणारी माती असलेला बेसॉल्ट ओला झाला की कमजोर होतो. पूर ओसरल्याबरोबर, गोदापात्रात ज्याच्यावरून पुराची उंची सांगतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी येऊन गेल्यावर, उत्साहाने घेतलेली वाचनं त्यामुळे खोटा दिलासा देतात. २०१९ सारख्या पुरानंतर घाटाची पाहणी जरूर करावी, पण लहरींचं मोजमाप दगड वाळल्यावर.

नदीला लागून असलेल्या खालच्या पायऱ्या बारा महिने ओल्याच असतात. त्यांची तुलना ओल्या पायऱ्यांशीच करा, वरच्या कोरड्या पायऱ्यांशी नको. एकाच दगडाचे ओले आणि कोरडे, दोन्ही आकडे मिळाले तर फार उपयोगी पडतात. दोहोंतला फरक जितका मोठा, तितक्या आतल्या भेगा जास्त. घट्ट, धड दगडात हा फरक नगण्य असतो. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या दगडावरही मोजू नका. सकाळी नऊच्या आत आटपा, आणि प्रत्येक वाचनासमोर वेळ लिहा.

टप्पा ६ : भेग किती खोल, पापुद्रा किती जाड

भेगेची खोली काढायची सोपी रीत आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर प्रोब ठेवा, समजा १०-१० सेंटिमीटरवर. वेळ ५० मायक्रोसेकंद आली. मग शेजारच्या अखंड भागावर तेवढ्याच, म्हणजे २० सेंटिमीटर अंतरावर वेळ घ्या, ती ४० आली. ५० ला ४० ने भागून १.२५, त्याचा वर्ग १.५६, त्यातून १ वजा करून ०.५६, त्याचं वर्गमूळ ०.७५. याला १० सेंटिमीटरने गुणलं की भेगेची खोली साडेसात सेंटिमीटर. भेगेत पाणी, माती किंवा जुना चुना असेल तर लहर त्यातूनच पलीकडे जाते आणि खोली कमी भरते, म्हणून भेग आधी मऊ ब्रशने साफ करून वाळू द्या.

झिजलेल्या थराची जाडी काढायला टोकदार प्रोब घ्या. एक जागेवर ठेवा, दुसरा ५-५ सेंटिमीटरने सरकवा. समजा वेळा अशा आल्या : ५ सेंटिमीटरला २०, १० ला ४०, १५ ला ५४, २० ला ६४, २५ ला ७४. आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले तर रेघ १२ सेंटिमीटरजवळ वळते. वळणाआधीचा वेग २,५०० आणि नंतरचा ५,०००. लहर आधी वरच्या कमजोर थरातून चालते, अंतर वाढलं की खालच्या धड दगडातून धावत पुढे येते. जाडी काढायला दोन वेगांची वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे २,५०० भागिले ७,५००. त्याचं वर्गमूळ ०.५८, त्याला १२ च्या निम्म्याने, म्हणजे ६ ने गुणलं की साडेतीन सेंटिमीटर. या पायरीचा वरचा साडेतीन सेंटिमीटर थर कमजोर आहे आणि खाली पोलादासारखा दगड शाबूत आहे. अशी पायरी उखडून फेकणं हा गुन्हा म्हणावा असं मला वाटतं. ती उलटून किंवा तोंड पुन्हा घडवून तिथेच बसवता येते.

जाड भिंतींसाठी

जुन्या नाशकातल्या तिवंधा, भद्रकालीकडच्या वाड्यांची जोती आणि घाटाच्या संरक्षक भिंती आरपार दगडाच्या नसतात. दोन्ही तोंडांना घडीव चिरे आणि पोटात गोटे व चुन्याची भरणी असते. ५४ किलोहर्ट्झची लहर या भरणीत विरते. तिथे ऐकू येणाऱ्या, काही किलोहर्ट्झच्या लहरी वापरतात. एका बाजूने संवेदक बसवलेल्या हातोडीने ठोका द्यायचा, दुसऱ्या बाजूला कंपनमापक ठेवायचा. भिंतीवर चौकटी आखून प्रत्येक चौकटीचा वेग नकाशावर रंगाने भरला की चुना वाहून गेलेल्या जागा उठून दिसतात. इथे ढोबळ अंदाजाला जागा नाही, जाणकार संस्थेकडूनच करून घ्या, आणि रहदारी सुरू होण्याआधी, कारण या वारंवारतांना पुलावरून जाणारी गाडीही ऐकू येते. दर मे-जूनमध्ये धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात. नोटीस हातात पडण्याआधीच्या हिवाळ्यात जोत्याची अशी तपासणी झालेली असेल तर पाडायचं की टेकू देऊन वाचवायचं यावर पुराव्यानिशी बोलता येतं. अर्थात भिंत फुगलेली, तुळई सरकलेली दिसत असेल तर आधी माणसं बाहेर काढा. तपासणी नंतर.

टप्पा ७ : दुसरी साक्ष आणि नोंदवही

लहरीच्या एकट्या आकड्यावर दगड काढू नका. मोगरीचा आवाज, पाणी शोषण्याची चाचणी (दगडाला चिकटवलेल्या काचेच्या नळीतून किती मिनिटांत किती पाणी आत जातं) आणि डोळ्यांनी दिसलेलं नुकसान यांतल्या दोन गोष्टी तरी त्याच दिशेने बोट दाखवत असाव्यात. काँक्रीटचा रिबाउंड हॅमर (आदळून किती उसळी घेते ते मोजणारी हातोडी) कुणी सुचवेल. साध्या, जाड चिऱ्यावर तो चालेल, पण नक्षी, पातळ कडा आणि लोणा लागलेल्या तोंडावर त्याला मज्जाव करा.

अहवालात दगडाचं नाव, जात, प्रोबची वारंवारता, तऱ्हा, अंतर, वेळ, वेग, संदर्भाशी टक्केवारी, ओल, तारीख आणि तास एवढे रकाने हवेतच. फक्त ‘चांगला/मध्यम/खराब’ लिहिलेला अहवाल स्वीकारू नका, मूळ वाचनं मागा. एक प्रत विश्वस्तांच्या किंवा मालकाच्या दप्तरी, एक दुरुस्ती करणाऱ्याकडे, आणि स्मारक संरक्षित असेल तर एक पुरातत्त्व विभागाकडे. दुरुस्तीनंतर सांध्यांतला चुना पक्का व्हायला वेळ द्या, पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच प्रोबने, त्याच खुणांवर, सकाळच्या त्याच वेळेला पुन्हा मोजा आणि जुन्या रकान्याशेजारी नवा रकाना जोडा.